पाव फेऱ्याची मोकळीक

“आणखी थोडं डावीकडं फिरवा, ताई,” ट्रॅक्टरच्या खालून भावसिंग म्हणाला. “हळू. बस. आता उजवीकडं.”

वर सीटवर बसलेल्या इंदुताईंनी स्टेअरिंग उजवीकडं घेतलं. भावसिंगने पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला, दांडीच्या सांध्यावर बोटं ठेवली होती. वर स्टेअरिंग फिरत होतं आणि खाली बोटांना काहीच कळत नव्हतं. मग खट् झालं, सांध्यातला गोळा आपल्या वाटीत सरकला, आणि त्यानंतर कुठे चाक जागचं हललं.

“किती फिरलं वरतं?”

“पाव फेरा तरी रिकामाच गेला, भाऊ.”

भावसिंग लगेच बाहेर आला नाही. पाठीखाली पोतं होतं, पोत्याखाली भुसभुशीत माती. माघ संपत आला होता आणि संत्र्याची बाग अंबिया बहारानं पांढरी झाली होती. इंजिन बंद करून अर्धा तास झाला होता तरी ते कुठंतरी हळू आवाजात चालूच आहे असं वाटत होतं; ते मधमाश्यांचं घोंघावणं होतं. फांद्यांतून एखादी पाकळी सुटायची, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पडायची, तिथून घसरून त्याच्या कपाळावर. वासानं डोकं जड झालं होतं. क्षणभर आपण कशासाठी इथे आडवे झालो आहोत हेच तो विसरला.

“झोपले का काय?” इंदुताईंनी वाकून विचारलं.

“नाई, ताई. पाहून राह्यलो.”

तो बाहेर आला. बासष्ट वर्षांचा, हडकुळा, कानात बारीक सोन्याच्या बाळ्या. बाभुळगावच्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड होती. आत एक जुनं लेथ मशीन, एक वेल्डिंगचा सेट आणि भिंतीला टेकलेलं गंजकं लोखंड. त्याच्या आज्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. बापानं तांड्याजवळ जमीन कसली. भावसिंग पुसदला एका कारखान्यात राहून मिस्त्री झाला. कुठलीही झिजलेली वस्तू फेकायची म्हटली की त्याच्या जिवावर यायचं. शाफ्ट झिजला की त्यावर वेल्डिंगचा थर चढवून तो भरायचा, लेथवर तासून मापात आणायचा. “भावसिंग मिस्त्री नवीन सामान आनू देत नाई,” असं पंचक्रोशीत कौतुकानंही म्हटलं जायचं आणि वैतागानंही.

“मंग भरून द्याल ना?” इंदुताई म्हणाल्या. “मागं तुमी गिअरचा दांडा भरला होता, अजून चालून राह्यला.”

“गिअरचा दांडा भरला, ताई. सायलेन्सर भरला, सीटचा खांब भरला. स्टेअरिंगले वेल्डिंग नाई लावत मी. हे सांधे आता वाटीतून कधीबी निसटन. बदलाच लागन.”

इंदुताईंनी बांधाकडं पाहिलं.

बांधावर, झाडाच्या सावलीत टाकलेल्या खाटेवर विठ्ठलराव बसले होते. पांढरा सदरा, पांढरा पायजामा, पायांत मोजे. अठरा वर्षांपूर्वी हा छोटा ट्रॅक्टर त्यांनीच आणला होता. तेव्हा गावात मोठे ट्रॅक्टर दोन-चार होते. पण संत्र्याच्या दोन ओळींतून फांद्यांना न लागता जाईल असा बागेपुरता ट्रॅक्टर कुणी पाहिला नव्हता. लोक हसले होते. “पोराइचं खेळनं आनलं विठ्ठलरावनं.” त्या खेळण्यावर बसून त्यांनी चाळीस ओळींची बाग उभी केली.

तीन वर्षांपासून त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी बाजारातून घरी यायचा रस्ता गेला. मग माणसांची नावं. मग मुलगी वैष्णवी नागपूरहून आली तेव्हा त्यांनी तिला पाहुणी समजून चहा घ्यायचा आग्रह केला. ती मागच्या अंगणात जाऊन रडली. पण रोज सकाळी चहा झाला की ते आपसूक उठायचे, चपला घालायचे आणि ट्रॅक्टरपाशी जायचे. किल्ली, क्लच, पहिला गिअर. कुणी काही सांगावं लागायचं नाही. मागचं अवजार इंदुताईंनी कधीच काढून ठेवलं होतं आणि इंजिनानं एका मर्यादेपलीकडं पळू नये म्हणून भावसिंगने रेसच्या दांड्याला अडसर बसवला होता. माणूस चालेल त्या वेगानं ट्रॅक्टर बागेतून फिरायचा. इंदुताई मागून चालायच्या. तासभर. त्या तासात विठ्ठलराव कुठल्याही झाडाला लागायचे नाहीत, ओळ चुकायचे नाहीत, आणि खाली उतरल्यावर थोडा वेळ तरी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीचं काहीतरी असायचं. एकदा तर उतरता उतरता ते म्हणाले होते, “इंदू, या साली बहार चांगला हाय.” वर्षभरात त्यांच्या तोंडून इंदुताईंचं नाव आलं ते एवढंच.

“देवराव,” खाटेवरून त्यांनी हाक मारली. “पानी कोनत्या पट्ट्याले लावलं?”

देवराव हा त्यांचा भाऊ. वारून बारा वर्षं झाली होती.

“पलीकडच्या, भाऊ,” भावसिंग म्हणाला. “आताच लावून आलो.”

“बरं केलं,” म्हणून विठ्ठलराव पुन्हा झाडांकडं पाहू लागले.

*

स्टेअरिंगला वेल्डिंग न लावण्याचं कारण इंदुताईंना ठाऊक नव्हतं. भावसिंगने ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण तांड्यात सगळ्यांना माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या भावाचा, रूपसिंगचा ट्रॅक्टर असाच आला होता. सांधा झिजलेला. पेरणीची घाई. रूपसिंग म्हणाला, “भर दे, दहा-पंधरा दिवस तरी चालन.” भावसिंगने भरून दिला, सुरेख भरला, कानशीनं घासून आरशासारखा केला. अकराव्या दिवशी तांड्याजवळच्या पुलावर वेल्डिंगच्या कडेला तडा गेला, सांधा निसटला आणि चाक आपल्या मनानं वळलं. ट्रॅक्टर नाल्यात गेला. रूपसिंगचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

रूपसिंग आजही घरापुढं बाजेवर बसलेला असतो. भावसिंग दिसला की म्हणतो, “आव, बेस.” ये, बस. त्या दिवसाबद्दल एक अक्षर त्यानं कधी काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भावसिंगला अनेकदा वाटलं होतं.

*

तो छोटा ट्रॅक्टर आता कुठे बनत नव्हता. यवतमाळच्या दुकानांतून मान हलवली गेली तेव्हा भावसिंग एसटीनं पुसदला गेला. वाटेत ऊन खिडकीतून येऊन त्याच्या मांडीवर बसलं होतं. शेतांत तूर कापून झाली होती, गव्हाला ओंब्या आल्या होत्या. त्याला सारखा कुठूनतरी संत्र्याच्या फुलांचा वास येत होता. शेवटी लक्षात आलं की तो स्वतःच्याच शर्टाचा होता.

पुसदला एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर, धुळीनं भरलेल्या खोक्यांत तीन सांधे मिळाले. तेलकट कागदात गुंडाळलेले, कधीच न वापरलेले. चौथा दुसऱ्या ट्रॅक्टरचा, पण मापात बसणारा. चाकं ज्यांवर वळतात त्या उभ्या पिना मात्र कुठेच नव्हत्या. त्या त्यानं शेडमध्ये येऊन नव्या पोलादातून लेथवर काढल्या, पिना फिरतात त्या पितळी बुशाही नव्या केल्या. दोन दिवस तो दुसरं काही करत नव्हता. बिजलीबाई, त्याची बायको, शेडमध्ये भाकरी घेऊन आली तर भाकरी तशीच राहिली.

“येवढं काय हाय त्या ट्रॅक्टरात?” तिनं विचारलं.

“विठ्ठलराव हायत त्याच्यात,” तो म्हणाला. तिला ते पटलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं बागेत बसून सगळं जोडलं. स्टेअरिंगच्या डब्याचं झाकण काढून आतली ढिलाई काढली, तेल बदललं, ग्रीस भरलं. मग सीटवर बसून एका बोटानं स्टेअरिंग फिरवलं. बोट हललं तसं चाक हललं. मध्ये काही नाही, खट् नाही, रिकामं जाणं नाही. त्याच्या हातून झालेल्या कामांत हे काम वरच्या नंबरात गेलं असतं.

“पाहा, ताई. कंपनीतून निंघाला तवाबी असा नसन.”

इंदुताईंनीही एका बोटानं फिरवून पाहिलं आणि त्या हसल्या. “आता वैष्णवीले सांगते का काही भेव नाई. ती म्हनते विकून टाक थो ट्रॅक्टर, बाबाले बसवूच नको त्याच्यावर. रोज फोनवर तेच.”

चार दिवस ट्रॅक्टर बंद होता. विठ्ठलराव चार दिवस सकाळी उठून तिथंवर यायचे, सुटं झालेलं चाक पाहायचे आणि परत फिरायचे. आज ते आले तेव्हा ट्रॅक्टर उभा होता. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. वर चढले. किल्ली फिरवली. क्लच दाबला, गिअर टाकला. सगळं ओळीनं, न चुकता.

ट्रॅक्टर ओळीत शिरला. दोन्ही बाजूंना पांढरी झाडं. वीसेक पावलं तो सरळ गेला. मग विठ्ठलरावांच्या हातांनी रोजचं तेच केलं: स्टेअरिंग पाव फेरा डावीकडं. इतकी वर्षं त्या पाव फेऱ्यात काहीच व्हायचं नाही, तो नुसता हातांचा प्रवास असायचा. आज ट्रॅक्टर एकदम डावीकडं वळला. ते दचकले. हातांनी उजवीकडं खेचलं, तेही सवयीच्या मापानं. ट्रॅक्टर उजव्या झाडात घुसला. एक जाड फांदी कडाड मोडली आणि फुलांचा अख्खा भार त्यांच्या अंगावर आला.

ब्रेक त्यांनी स्वतःच दाबला होता. भावसिंग धावत पोचला तेव्हा ते तसेच बसले होते. डोक्यावर, खांद्यांवर, मांडीवर पाकळ्या. ते आपल्या हातांकडं पाहत होते. तळवे वर, तळवे खाली.

“लागलं का वो?” इंदुताईंनी मागून विचारलं.

विठ्ठलरावांनी मान हलवली. मग भावसिंगकडं पाहून, अगदी अदबीनं, परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, “हे कोनाचं हाय? ज्याचं असन त्याले देऊन द्या. माया नोहे हा.”

आणि उतरून, अंगावरच्या पाकळ्या न झटकता, ते घराकडं चालू लागले.

*

तिसऱ्या दिवशी इंदुताईंचा फोन आला. “भाऊ, येता का जरा?”

त्या ओसरीवरच उभ्या होत्या. दोन दिवसांत चेहरा उतरला होता.

“उठतच नाईत. चहा देला तर घेतात, नाई देला तर नाई. सकाळी चपला घालत नाईत. भिताडाकडं तोंड करून बसून राह्यतात.” त्यांनी पदर नीट केला. “भाऊ, ते जुनं सामान तुमच्याजवळ हाय ना? तेच लावून द्या वापस.”

“ताई, थो सांधा निसटन.”

“आजवर नाई निसटला.”

“निसटेपर्यंत नाईच निसटत, ताई.” मग त्यानं रूपसिंगची गोष्ट सांगितली. उभ्या उभ्या, तुटक तुटक. पाय कुठून काढला ते हाताने दाखवलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो ती गोष्ट सांगत होता आणि ती इतकी लहान होती की त्याला नवल वाटलं.

इंदुताईंनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “मले समजते, भाऊ. पन तुमच्या भावाचा पाय गेला. याइचं आता काय राह्यलं जायाचं? एक तास होता दिवसातला. थोबी गेला.”

भावसिंग ओसरीच्या पायऱ्या उतरला.

घरी येऊन तो अंगणात बसला. बिजलीबाई जुन्या घागऱ्यावरच्या आरशांच्या काचा उसवत होती. तिनं त्याचं तोंड पाहिलं. “कांई वेगो?” काय झालं?

“काम चांगलं झालं,” तो म्हणाला. “म्हून बिघडलं.”

तिनं सुई थांबवली. समोर पोत्यावर ते चार जुने सांधे पडले होते. त्यानं त्यातला एक उचलून वाटीत गोळा हलवला. खट्. खट्. अठरा वर्षांत तो रोज केसभर झिजला होता. आणि विठ्ठलरावांचे हात रोज केसभर जास्त फिरायला शिकले होते. डोक्याला ते कधी कळलं नव्हतं, म्हणून डोकं ते विसरलंही नव्हतं. आपण लोखंड बदललं. हात कुठून बदलणार?

तो उन्हात तसाच बसून राहिला. डोळे मिटले तर त्याला बागेतली ओळ दिसायची, आणि ओळीत एक स्टेअरिंग, नुसतंच, हवेत डावी-उजवीकडं हलणारं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हा त्याच्या खिशात पांढऱ्या खडूचा तुकडा होता.

“ताई, भाऊले ट्रॅक्टरापाशी आना. चालू नाई करत. नुसतं बसवू.”

“येत नाईत ना.”

भावसिंग आत गेला. विठ्ठलराव भिंतीकडं तोंड करून बसले होते. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“भाऊ, मी देवराव. चाला, बाग पाहून येऊ.”

विठ्ठलरावांनी बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं. “तू बुढा दिसून राह्यला, देवराव.”

“झालोच ना बुढा.”

“चाल,” ते म्हणाले आणि उठले.

ट्रॅक्टर सावलीत उभा होता. पुढची चाकं भावसिंगने जॅकवर उचलून जमिनीपासून अधांतरी केली होती. विठ्ठलराव थोडे घुटमळले, पण तो हाताला धरून होता. ते चढले. किल्ली नव्हती, ती त्यांनी दोनदा शोधली, मग सोडून दिली. हात आपोआप स्टेअरिंगवर गेले. भावसिंग बाजूच्या मडगार्डवर बसला.

“चालू हाय, भाऊ. घ्या ओळीतून.”

विठ्ठलरावांनी समोर पाहिलं. आणि त्यांचे हात हलू लागले. डावीकडं, थांबून उजवीकडं, पुन्हा डावीकडं. किती हळुवार, किती ठरल्यासारखं. झोपेत कुशीवर वळणाऱ्या माणसाइतकं बिनधास्त. वर वारा आला की पाकळ्या सुटत होत्या. गाडी जागची हलत नव्हती आणि तरीही भावसिंगला वाटलं, झाडं मागं सरकताहेत, एकेक ओळ संपते आहे, आपण खरंच कुठंतरी चाललो आहोत. खालच्या इंदुताई लहान लहान होत गेल्या आहेत.

त्यानं डोळे चोळले, खडू काढला आणि स्टेअरिंगच्या कड्यावर, हात डावीकडं जिथवर जात होता तिथं एक खूण केली. उजवीकडं दुसरी. विठ्ठलरावांनी तिकडं पाहिलंही नाही.

ते उतरून खाटेवर जाऊन बसल्यावर भावसिंगने पाना घेतला. इंदुताई जवळ आल्या.

“काय करता, भाऊ?”

“जुनं सामान नाई लावत. सांधे नवेच राह्यतीन, पिना नव्याच राह्यतीन. चाक निसटाचं नाई.” त्यानं स्टेअरिंगच्या डब्याच्या बाजूचा एक स्क्रू दाखवला. “याच्यानं आतल्या दातांची ढिलाई कमीजास्त होते. म्या ती काढली होती. आता वापस टाकून देतो. या खुनेपासून त्या खुनेपर्यंत. या चालीनं चालला तर इथली ढिलाई मारत नाई. तिथली, सांध्यातली, मारते.”

“म्हंजे मुद्दाम ढिला करता?”

“हो.”

त्यानं नट सैल केला, स्क्रू उलटा फिरवला. स्टेअरिंग हलवून पाहिलं. आणखी थोडा. चाळीस वर्षं लोक त्याच्याकडं ढिल्या वस्तू घेऊन आले होते आणि त्यानं त्या घट्ट करून दिल्या होत्या. चांगली घट्ट वस्तू तो पहिल्यांदाच ढिली करत होता. हाताला ते आवडत नव्हतं. हात मध्येच थांबत होता. त्याला पुन्हा पुन्हा समजवावं लागत होतं. शेवटी स्टेअरिंग एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत नुसतंच फिरलं, आणि त्यापुढं चाक हललं.

“ताई,” नट आवळत तो म्हणाला, “बाभुळगावात हे कोनाले सांगू नका. मिस्त्री हाय मी.”

इंदुताईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की काय ते त्यानं नीट पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहानंतर विठ्ठलराव चपला घालून आले. भावसिंग तिथंच होता. किल्ली, क्लच, पहिला गिअर. ट्रॅक्टर ओळीत शिरला. वीस पावलांनंतर स्टेअरिंग पाव फेरा डावीकडं गेलं आणि ट्रॅक्टर सरळच राहिला. मग उजवीकडं. सरळच. इंदुताई मागून चालत होत्या, त्यांच्या मागं भावसिंग. मोडलेल्या फांदीजवळून जाताना विठ्ठलरावांनी मान वळवून ती पाहिली आणि कुणाच्या तरी निष्काळजीपणाबद्दल जीभ टाळ्याला लावून च्च केलं. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळला, दुसऱ्या ओळीत गेला. पाकळ्यांचा थर चाकांखाली दबत होता. आवाज जवळजवळ नव्हताच. भावसिंगला थांबायला हवं होतं, शेडवर दोन गिऱ्हाइकं आलेली असणार. पण तो चाळीस ओळी चालला.

*

तो उन्हाळा, तो पावसाळा, विठ्ठलराव रोज चालवत राहिले. भावसिंग महिन्यातून एकदा जाऊन सांधे तपासायचा. कार्तिकात फळं पिवळी होत आली तेव्हा इंदुताईंचा फोन आला.

तो पोचला तेव्हा विठ्ठलराव ओसरीच्या पायरीवर बसले होते. पुढं संत्र्यांची टोपली. एक संत्रं हातात घेऊन ते सोलत होते, अगदी सावकाश, साल एकसंध राहील असं. भावसिंगने “भाऊ” म्हणून हाक मारली. त्यांनी वर पाहून मान डोलावली. या वेळी भावसिंग देवरावही नव्हता.

“बारा दिवस झाले,” इंदुताई म्हणाल्या. “एक दिवस सकाळी चपला घातल्या आन इथंच बसले. मी म्हनलं, चालता ना? मले म्हनतात, कुठी?”

भावसिंगने ट्रॅक्टरकडं पाहिलं.

“फांद्या फळानं वाकल्या, भाऊ. टेकू लावाले, क्रेट वाहाले ट्रॅक्टर पायजे. मानूस ठेवला तर थो फांद्या मोडते. म्हून मीच चालवीन म्हनते.” त्यांनी क्षणभर नजर खाली केली. “पन माया हाताले थे ढिलं नाई जमत. तुमी घट्ट करून द्या.”

“देतो, ताई.”

काम पाच मिनिटांचं होतं. त्यानं ते अर्धा तास केलं. स्क्रू आवळला, तपासला, पुन्हा आवळला. इंदुताईंनी साडीचा काष्टा मारला, डोक्याला रुमाल बांधला आणि त्या चढल्या. भावसिंग थोडा वेळ बाजूनं चालला. “दूर पाहा, ताई, चाकाकडं नका पाहू.” मग त्याची गरज उरली नाही. ट्रॅक्टर फळांनी वाकलेल्या दोन ओळींमधून सरळ, ठाम चालत गेला.

तो ओसरीवर येऊन विठ्ठलरावांच्या शेजारी पायरीवर टेकला. इंजिनाचा आवाज बागेच्या आतून येत होता. विठ्ठलरावांनी सोलणं थांबवून कान दिला.

“कोन चालवून राह्यलं?”

“बाई हाय एक.”

“चांगली चालवते.” थोडा वेळ ते ऐकत राहिले. “कोनाची हाय?”

“तुमचीच, भाऊ.”

विठ्ठलरावांनी यावर विचार केला. मग हातातल्या सोललेल्या संत्र्याचे दोन भाग केले. एक भाग भावसिंगच्या हातावर ठेवला. दुसरा तोंडाजवळ नेला आणि थांबले. पुन्हा सालीत ठेवला, साल वरून मिटवली आणि मुंग्या लागू नयेत म्हणून पायरीवरून उचलून खिडकीत ठेवून दिला.

“तिले राहू दे,” ते म्हणाले. “उन्हातून येईन थे.”